आक्काची पहार

तार आली तेव्हा मी बार्शीच्या शाळेत सहावीच्या वर्गावर व्याकरण शिकवत होतो. शिपायाने ती दारातूनच पुढे केली. आक्का अत्यवस्थ, लगेच निघा. कुर्डुवाडीला गाडी बदलून सोलापूरला पोचेपर्यंत दिवेलागण झाली होती आणि आक्का दुपारीच गेली होती. शेजाऱ्यांनी तिला माझ्यासाठी ठेवले होते... देवघराच्या खोलीत, ती रोज जिथे झोपे तिथेच. मी तिच्या पायांशी बसलो आणि आधाराला हात मागे भिंतीवर टेकला, तर तळहात ओला झाला. वळून पाहिले. कोपऱ्यातली भेग माळवदापासून जमिनीपर्यंत उतरली होती आणि तिच्यात माझी चार बोटे सहज गेली. डॉक्टर अजून ओसरीवर होते. छातीत कफ साठल्याचे त्यांनी सांगितले आणि मग मला बाजूला घेऊन विचारले, "मास्तर, बाई एवढ्या ओलीत का झोपत होत्या? पुढच्या दोन खोल्या तर कोरड्या ठणठणीत आहेत की." पुढच्या एका खोलीत तिच्या खानावळीतले दोन म्हातारे कारकून राहत. दुसरीला कुलूप होते आणि किल्ली आक्काच्या कमरेला होती. ती खोली माझी. मी दिवाळीला आणि मे महिन्यात बायकामुलांसह येत असे, तेवढ्यासाठी ती वर्षभर झाडून, सारवून, कुलूप लावून ठेवलेली.

तिला जाऊन आता सहा आठवडे होतील. गेलेल्या माणसाविषयी लिहायचे तर मन आधी निवू द्यावे, असे एका वडीलधाऱ्या स्नेह्यांनी मला सुचवले. माझे मन निवलेले नाही. ते निवेपर्यंत थांबलो तर मी गोड गोड लिहीन, आणि आक्काविषयी गोड लिहिणे म्हणजे तिच्यावर पुन्हा एकदा मुरूम पसरण्यासारखे होईल. असे का म्हणतो ते पुढे कळेल.

आक्का माझी थोरली बहीण, माझ्याहून बारा वर्षांनी मोठी. आई गेली तेव्हा मी रांगत होतो. लग्न होऊन आक्का सासरी गेली आणि एकोणिसाव्या वर्षी पांढऱ्या कपाळाने परत आली. वडील गेल्यावर तिने गावातले घर सोडले, मला हाताशी धरून सोलापूर गाठले आणि गिरण्यांतल्या कारकुनांसाठी खानावळ काढली. पहाटेच्या भोंग्याआधी तिची चूल पेटे. ज्वारीची भाकरी, आमटी, शेंगदाण्याची चटणी... त्या चुलीवर मी मॅट्रिक झालो, पुण्याला जाऊन बी.ए. झालो. आमच्या घराण्यात त्याआधी कोणी चौथीपुढे गेले नव्हते. माझ्या नावापुढे जी दोन अक्षरे लागली आहेत, ती तिने थापून, भाजून काढलेली आहेत. हे मी कृतज्ञतेने लिहितो, पण केवळ कृतज्ञ राहून भागणार नाही.

सोलापुरात आम्ही सात बिऱ्हाडे बदलली. भाडे थकले म्हणून एकदाही नाही. एका घरमालकाला सकाळी दार उघडताच तिचे तोंड दिसे, ते नको होते. दुसऱ्याच्या मुलीचे लग्न ठरले, तेव्हा तो मला म्हणाला, "बाईंना महिनाभर कुठे तरी पाठव, दारात मांडव आहे." आम्ही महिनाभर गेलो नाही, कायमचेच गेलो. गाड्यावर भांडी चढवताना आक्का एवढेच बोलली, "दत्तू, एक खोली बांधीन, पण आपली बांधीन. माझ्या दारातनं मला हल म्हणणारं कुणी नसंल." तिला वाडा नको होता, माडी नको होती. जिथे तिला कोणी बाजूला हो म्हणणार नाही असा एक उंबरठा तिला हवा होता.

शहराच्या कडेला जागा मिळाली. पूर्वी तिथे कुणाचे तरी खळे होते आणि मधोमध एक जुना लिंब होता. जागा घेतली तेव्हा मी नुकताच बार्शीला नोकरीला लागलो होतो. बांधकाम द्यायचे कोणाला, यावरून आमचा पहिला वाद झाला. आक्काच्या मनात मल्लय्या गवंडी होता. घरी तेलुगू बोलणारा, कमी शब्दांचा माणूस. तिच्या खानावळीची चूल त्यानेच बांधली होती. "रोजावर घेऊ त्याला," ती म्हणाली. "सामान आपण आणू. मी उभी ऱ्हाते की." मला ते अडाणीपणाचे वाटले. मी बी.ए. झालेला मनुष्य, माझ्या घराला रीतसर मक्तेदार हवा, रीतसर कागद हवा. आमच्या जुन्या हेडमास्तरांनी गणपतराव मक्तेदारांचे नाव सुचवले. गणपतराव आले, जरीचा रुमाल बांधून, हातात घडीचा फूट घेऊन. आक्का समोर बसलेली असता ते सगळा वेळ माझ्याशीच बोलले. पुढे त्यांनी मल्लय्यालाच आपल्या हाताखाली कामाला घेतले, तेव्हा मला वाटले, झाले, दोघांचेही मन राखले गेले.

करारनामा मी स्वतः लिहिला. आधी इंग्रजीत, मग त्याखाली मराठी तर्जुमा. त्या कागदाचा मला किती अभिमान होता! भिंतीची जाडी, दारांचे लाकूड, माळवदाच्या तुळया, सगळे कलमवार. आक्का भाकरी थापता थापता ऐकत होती. पायाच्या कलमाशी तिने मला थांबवले.

"काय लिहिलंस? परत वाच."

"पायाची खोली सर्वत्र चार फूट."

"फूट कशाला लिहितूस? मुरूम लागंस्तवर, असं लिही."

"आक्का, कागदात असं लिहीत नाहीत. कागदात माप लागतं."

"जिमीन तुझा कागद वाचती व्हय?"

मी हसलो. काळ्या जमिनीत घर बांधायचे तर खाली कडक मुरूम लागेपर्यंत खणावे लागते, हे आमच्याकडच्या शेतातल्या पोरालाही ठाऊक असते. मलाही ठाऊक होते. पण 'लागेपर्यंत' हा शब्द मला गावंढळ वाटला आणि 'चार फूट' हे शब्द शिकलेले वाटले. मी चार फूटच ठेवले.

काम सुरू झाले. मी शनिवारी संध्याकाळी येई आणि रविवारी परत जाई. आक्का मला रविवारचा मालक म्हणे. "आला बाई रविवारचा मालक, च्या टाका." बाकीचे सहा दिवस मालकी तिची होती. सकाळचे जेवण वाढून झाले की ती डोक्यावरून पदर घेऊन जागेवर जाई आणि संध्याकाळच्या चुलीच्या वेळेला परते. हातात वडिलांची पहार. आमचे वडील गावात विहिरींच्या कामावर जात, त्यांची ती. पुरुषभर उंच, टोक झिजलेले. वाळू आली की आक्का मूठभर तळहातावर चोळून माती किती लागते ते पाही. विटा दोन हातांत घेऊन एकमेकींवर आपटी आणि बद्द वाजलेली बाजूला टाकी. चुन्याच्या घाणीला बैल किती फेरे घालतो ते लिंबाखाली बसून मोजी, आणि फेरे कमी पडले की घाणीवाल्याला नावाने हाक मारी. गणपतरावांना हे खपत नसे. एकदा माझ्यादेखत ते म्हणाले, "बाई, घर बांधताय की भाकरी थापताय? दर घडीला उलथून काय बघता?"

आक्का म्हणाली, "भाकरी बिघडली तर गिऱ्हाईक ताटावरनं उठून जातं, राव. घर बिघडल्यावर मी कुटं उठून जाऊ?"

गडी हसले. मल्लय्या तर थापी खाली ठेवून हसला. गणपतरावांचे तोंड उतरले आणि... लिहायला लाज वाटते, पण मला त्यांचेच वाईट वाटले. परत जाताना मी त्यांची समजूत घातली. "बायकांचं मनावर घेऊ नका," असे मी म्हणालो. याच तोंडाने म्हणालो.

पायाभरणीचा मुहूर्त एका रविवारी सकाळी होता. आदल्या संध्याकाळी मी पोचलो तर आक्का ईशान्येच्या कोपऱ्यात चरात उतरलेली. बाकी सगळ्या चराला चार फुटांच्या आतच मुरूम लागला होता. पहार मारली की खण्ण वाजे. त्या कोपऱ्यात तिने पहार मारून दाखवली. धप्प आवाज झाला आणि पहार हातभर आत गेली.

"खाली पेव हाय बघ, दत्तू. खळं व्हतं की हितं. धान्य ठेवायला पेव खांदत्यात, अन् रिकामं पडलं की वरनं माती लोटून देत्यात. ह्याच्यावर भित उभी करू नगं."

गणपतराव तिथेच होते. त्यांनी हात जोडले. "मास्तर, तुम्ही काळजी करू नका. उजाडायच्या आत माणसं लावतो. सकाळी मुरूम दाखवतो तुम्हाला." आक्काने मला बजावून सांगितले, की सकाळी आपल्याला चरापाशी येता यायचे नाही, तेव्हा तू स्वतः पहार मारून बघ. मी हो म्हणालो.

तिला का येता यायचे नाही, हे सांगायला हवे, कारण माझा खरा राग तिथे आहे. ती विधवा. घराच्या पायाभरणीला विधवेचे पाऊल चरापाशी नको, सावली नको. जागा तिच्या चुलीतून आलेली, घर तिच्यासाठी, महिनाभर पहार घेऊन चरात उतरत होती ती. आणि त्या एका सकाळी ती तिथे नको होती. हे मला कोणी बळजबरीने सांगितले नाही. भटजींनी सुचवले, मी मान डोलावली. पुण्याला वादसभेत स्त्रियांच्या स्थितीवर मी भाषण करून टाळ्या घेतल्या होत्या. माझ्याच आक्काला मात्र मी लिंबाखाली उभे केले, पन्नास पावलांवर.

सकाळी गेलो तेव्हा कोपऱ्यात रांगोळी होती, केळीचे खुंट होते. मी चरात वाकून पाहिले. तळाशी पिवळा, ओलसर, सुरेख मुरूम. गणपतराव म्हणाले, "बघा, लागला की नाही?" हेडमास्तर आले होते, शाळेतले दोन शिक्षक आले होते. मी कोरे धोतर नेसलो होतो. पहार लिंबाला टेकून ठेवलेली होती, आक्काच्या शेजारी. ती आणायला जायचे म्हणजे सगळ्यांदेखत विधवेच्या हातून लोखंड घेऊन पूजेला यायचे... मी गेलो नाही. तेवढ्यात तिची हाक आली. "दत्तू! पहार मार आधी!" मी ऐकून न ऐकल्यासारखे केले. तिने पुन्हा हाक मारली. भटजींचा मंत्र अडला. कोणी तरी कुजबुजले, "बाईंना जरा मागे घ्या." मग मी उठलो, तिच्यापर्यंत चालत गेलो आणि दात आवळून म्हणालो, "आक्का, आज तरी गप्प बैस की. लोक बघतायत."

ती गप्प बसली. माझ्याकडे तिने पाहिलेसुद्धा नाही, चराकडेच पाहत राहिली. मी परत आलो, पत्नीशेजारी पाटावर बसलो. पहिला दगड बसवायला मल्लय्या चरात उतरला. त्याचा पाय मुरमात पडला आणि तो थबकला. वर पाहून म्हणाला, "मास्तर, एक डाव..." गणपतराव म्हणाले, "मुहूर्त चाललाय, थापी चालव." मल्लय्याने माझ्याकडे पाहिले. मी भटजींकडे पाहिले. दगड बसला.

घर उभे राहिले. तिसऱ्या पावसाळ्यात ईशान्येच्या कोपऱ्यात केसाएवढी भेग आली असणार. असणार म्हणतो, कारण मला ती दिसली नाही. मी दिवाळीला येण्याआधी आक्का भेगेत चुना भरून भिंत पांढरी करून ठेवी. पुढे चुना पुरेना, तेव्हा तिथे तिने लाकडी फळी ठोकली आणि तीवर डबे मांडले. मग फळीखाली माझा पदवीदानाचा फोटो लावला. मला वाटे, काय हे प्रेम, रोज झोपताना समोर माझा फोटो! एकदा फोटोची चौकट फुगलेली दिसली. मागे ओल असल्याखेरीज लाकूड फुगत नाही, एवढे मला कळते. मी विचारले नाही. विचारले असते तर उत्तर ऐकावे लागले असते. त्या सगळ्या वर्षांत 'मी सांगितलं होतं' हे तीन शब्द तिने एकदाही उच्चारले नाहीत. लोक याला थोरपणा म्हणतील. मला त्याचाही राग येतो. आक्का, तू गणपतरावाला सगळ्या गड्यांसमोर गप्प केलेस, मग मला का नाही केलेस? ती गप्प बस म्हटल्यावर गप्प बसली, ती कायमचीच. आणि तिला गप्प बसवणारा जगात एकटा मी निघालो.

तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी गणपतराव भेटायला आले. तोच जरीचा रुमाल, आता थोडा मळलेला. ओसरीवर शेजारीपाजारी बसले होते. त्यांनी डोळ्यांना उपरणे लावले आणि म्हणाले, "पुण्यवान बाई! माझ्या हातचं घर, त्यात सुखानं डोळे मिटले." मी आत गेलो. पहार देवघराच्या दारामागे होती, आक्का ठेवत असे तिथेच. ती आणून मी त्यांच्यापुढे धरली.

"चला मागे, गणपतराव. त्या कोपऱ्यात मारा. वाजली तर तुमचे पाय धरतो."

त्यांनी पहार हातात घेतली नाही. पण ते भ्यालेही नाहीत. हळूच म्हणाले, "मास्तर, दुःखात माणूस काही बोलतो, मी मनावर घेत नाही. पण तुमचा कागद माझ्याकडे आहे. चार फूट लिहिलंत, चार फूट दिलं. वर मुरूम टाकला तो तर कलमाबाहेरचा, माझ्या पदरचा." आणि जोडे घालून निघून गेले.

त्या माणसाला माफ करायचा माझा विचार नाही. पण त्याने जे सांगितले ते खोटे नव्हते. त्याला पळवाट मी दिली होती, सुवाच्य अक्षरात, दोन भाषांत. ती जमीन खोटी आहे हे सांगायला पहार घेतलेली एक बाई पन्नास पावलांवर उभी होती. मी तिचे ऐकले नाही, कारण तिच्या कपाळाला कुंकू नव्हते, आणि माझ्या धोतराला घडी होती.

गेल्या आठवड्यात रजा काढून मी सोलापूरला गेलो आणि मल्लय्याला बोलावले. तो आता थकला आहे, मुलगे काम करतात. त्याने भेगेत हात घालून आतली ओल चाचपली. मी विचारले, "तुला तेव्हाच कळलं होतं ना?"

"पाय ठेवला तवाच कळलं."

"मग बोलला का नाहीस?"

"अक्काचं तुमी ऐकलं नाही, मास्तर. माझं काय ऐकणार?"

आम्ही ठरवले, की माळवदाला टेकू द्यायचे, कोपरा थोडाथोडा उकलायचा, पेवातली माती काढायची आणि खालून दगडचुन्याने भरून आणायचे. मल्लय्याने सवयीने विचारले, "मुहूर्त कवाचा?"

"पहार वाजेल तेव्हाचा," मी म्हणालो. "आणि कागद नाही करायचा."

पहिल्या दिवशी वरचा मुरूम निघाला, वीतभर जाडीचा. त्याखाली काळी, भुसभुशीत माती आणि तिच्यात कुजलेल्या ज्वारीचा वास. चार फूट झाले, पाच झाले. मल्लय्याची मुले खणत होती आणि दर थोड्या वेळाने मी स्वतः उतरून पहार मारत होतो. वरच्या बाजूला, हात धरतात तिथे, ती गुळगुळीत झालेली आहे. माझ्या मुठीपेक्षा ती जागा लहान आहे, आक्काच्या मुठीएवढी. धप्प. पुन्हा धप्प. तिसऱ्या दिवशी दुपारी, जमीन माझ्या हनुवटीपर्यंत आली असताना, पहार मारली आणि खण्ण आवाज झाला. हात खांद्यापर्यंत झिणझिणले. मल्लय्याने डोळे मिटून ऐकले आणि म्हणाला, "हां. हेच."

मी पुन्हा मारली. खात्रीसाठी नव्हे... इतका मोठा आवाज पन्नास पावलांवर ऐकू जातो का, ते पाहायला. आणि मान वर करून पाहिले.

लिंबाखाली कोणी नव्हते.